उलटी बाजूही पाहावी

शाळेच्या स्नेहसंमेलनात हस्तकलेचे प्रदर्शन भरले म्हणजे पाहुणेमंडळी भरतकामाचे रुमाल कौतुकाने पाहतात. रुमाल उलटून मात्र सहसा कोणी पाहत नाही. तेथे गाठी, लोंबते दोरे आणि घाईने घेतलेली वळणे लपलेली असतात. कधी कधी तर रुमाल मुलीने भरला की तिच्या आईने, हेही सांगणे कठीण! आमच्या मते शाळेत शिकवावयाचे भरतकाम असे असावे की, त्याची उलटी बाजूही निःशंकपणे दाखविता यावी.

असे भरतकाम आपल्या शेजारीच आहे. डिचोलीहून साखळी-केरीच्या वाटेने चोर्ला घाट चढून गेले म्हणजे बेळगाव आणि त्यापुढे धारवाड लागते. त्या मुलखातील ‘कसुती’ हा कशिदा प्रसिद्ध आहे. त्यात कापडावर छाप उमटवीत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाके घालतात. गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे त्याचे चार प्रकार. गावंती म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एक टाका घालून एका टाक्याची जागा सोडावयाची आणि परतताना त्या सोडलेल्या जागा भरावयाच्या, म्हणजे दोन्ही बाजूंस सारखीच अखंड रेषा उमटते. गाठ मुळीच मारावयाची नाही. दोऱ्याचे टोक टाक्यांतच दडवावयाचे.

हाच टाका सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये पांढऱ्या लिननवर काळ्या रेशमाने घालीत. गळपट्टी व मनगटपट्टी यांच्या दोन्ही बाजू दिसत, म्हणून तो तेथे सोयीचा पडे. हान्स होल्बाइन या चित्रकाराने राजदरबारातील व्यक्तींच्या चित्रांत ही नक्षी इतकी बारकाईने रंगविली की, पुढे त्या टाक्यालाच त्याचे नाव मिळाले. नमुने विसरू नयेत म्हणून ते एका कापडावर भरून ठेवण्याची तिकडे चाल होती. जेन बोस्टॉक हिने १५९८ साली भरलेले असे एक कापड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढील शतकात मुली लांबट पट्टीवर नक्षीच्या ओळी एकीखाली एक भरीत. ती पट्टी म्हणजे त्यांची वहीच होय.

अशी पट्टी आपल्या शाळांतूनही प्रत्येकाने भरावी. वीतभर रुंद व हातभर लांब मॅटीचे कापड, बोथट टोकाची सुई आणि काळा दोरा एवढे साहित्य पुरे. पहिल्या ओळीत सरळ रेषा, दुसरीत पायऱ्या, तिसरीत शंकरपाळी आणि मग चित्रे. कसुतीत हत्ती आणि तुळशीवृंदावन आहेच. आपल्या अंगणातही वृंदावन आहे, पेडण्याच्या भगवतीच्या देवळापुढे दगडी हत्ती आहेत आणि नार्व्याच्या सप्तकोटेश्वरापुढे दीपस्तंभ आहे. ते चौकटीच्या कागदावर उतरवून मग कापडावर आणावेत.

यात गणितही आहे. शंभर घरांच्या ओळीत आठ घरांची नक्षी बारा वेळा बसते व चार घरे उरतात. ती दोन्ही कडांस दोन दोन सोडावी लागतात. हे आधी न मोजल्यास शेवटची नक्षी अर्धीच राहते. एक धागा चुकला तर परतीचा टाका पहिल्यास मिळत नाही. उसवून पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नसते.

यंत्र हे काम क्षणात करते, मग हे श्रम कशाला, असे कोणी विचारील. यंत्र रुमाल देते. परंतु मोजण्याची सवय, धीर आणि आपली चूक आपणच शोधण्याची दृष्टी ही हातालाच लाभतात. म्हणूनच हे शिक्षण केवळ मुलींचे मानू नये. मुलांच्या हाती सुई दिल्याने त्यांचे काहीही उणे होणार नाही.

प्रदर्शनात या पट्ट्या भिंतीवर न ठोकता दोरीवर टांगाव्यात आणि परीक्षकांनी दोन्ही बाजूंस गुण द्यावेत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हात कसा सुधारत गेला, हे तेथे पालकांस दिसेल. विकत आणलेल्या देखण्या रुमालापेक्षा ती वेडीवाकडी पहिली ओळ आम्हांस अधिक मोलाची वाटते.