माळ्यावरचा घुसखोर कोण?

छतावर उदमांजर दिसलं की आमच्या मेहरूणच्या ग्रुपवर दोनच मेसेज फिरतात: ‘बिबट्याचं पिल्लू आलं’, नाहीतर ‘मढी उकरणारा बिज्जू आला’. दोन्ही थापा. दोन ते पाच किलोचं हे निशाचर जनावर उंदीर, किडे आणि मुख्यतः फळं खातं. गर पचतो, बिया विष्ठेतून अख्ख्या पडतात, मूळ झाडापासून लांब. आपण फोटो काढून वृक्षारोपण करतो. ते रात्री गुपचूप करतं.

मेहरूणच्या बोरांचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. बोरींच्या जागी प्लॉट पडले, त्यावर मात्र ग्रुप गप्प. ढोलीचं झाड तोडल्यावर ते माळ्यावर येणारच. मग घुसखोर कोण?

‘पकडून जंगलात सोडा’ हेही मला पटत नाही. अनोळखी रानात त्याला ना ढोली ठाऊक, ना फळझाड. इकडे मोकळ्या माळ्यावर उद्या दुसरं येतं. त्यापेक्षा आत पिल्लं नाहीत ना ते बघा आणि रात्री ते बाहेर पडलं की फट बुजवा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. त्याला मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. जुनं झाड तोडणं मात्र आपल्याकडे ‘विकास’ ठरतो. आधी ते थांबवा.