झोपेतला श्वास आणि अकोल्याची वाट

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस झडू लागले आणि बघता बघता पथके दाखल झाली. पाण्याचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञ उतरले, वाहिन्यांचे कॅमेरेही मागे राहिले नाहीत. टक्कल दिसते, म्हणून धावपळ झाली. अशाच गावांत रात्री दम अडकून खाटेवर दचकून उठणारा माणूस मात्र कोणाच्या नोंदवहीत नसतो. तो घोरतो, एवढेच घरच्यांना ठाऊक; आणि घोरणारा म्हणजे निवांत झोपलेला नशीबवान, हा आपल्याकडचा पक्का समज. शेगावच्या भक्तनिवासातल्या सामाईक खोलीत सकाळी त्याच्यावर हशा पिकतो. घोरणे मधेच थांबले, छाती हलत होती पण हवा आत जात नव्हती, मग आचका बसून श्वास सुरू झाला, हे शेजारच्या गादीवर जागे राहिलेल्याने पाहिलेले असते. सांगत कोणी नाही.

या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. तासाला असे तीसहून अधिक प्रसंग घडले तर आजार तीव्र समजतात. गोळ्यांना दाद न देणारा रक्तदाब, हृदयाचे बिघडलेले ठोके, पक्षाघात यांच्याशी त्याचे नाते पक्के आहे. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून हेच नाव घेतले आणि अनेक मराठी घरांत ते पहिल्यांदा उच्चारले गेले.

वैद्यकीय जगाला मात्र ते नवे नव्हते. मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची डॉ. झरीर उदवाडिया यांनी केलेली पाहणी २००४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. शंभरात सात-आठ जणांना लक्षणांसह हा आजार निघाला. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून बाधितांचा अंदाज दहा कोटींच्या वर नेला.

उपचारही जुना आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे सौम्य दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवता येतो हे दाखवले. तेच आजचे सीपॅप यंत्र. मग शेगावचा रुग्ण अडतो कुठे? परदेशात या उपचाराला विलंब म्हणजे प्रतीक्षायादी. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतल्या फोमच्या दोषामुळे लाखो यंत्रे परत मागवली आणि तिथले रुग्ण बदली यंत्रासाठी महिनोन् महिने ताटकळले. इथला विलंब यादीत नाव लागण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. आधी काही वर्षे हसण्यावारी जातात. मग ‘थकवा आहे, टॉनिक घ्या’ यात काही महिने. पुढे कोणी अकोल्याला छातीच्या डॉक्टरांकडे धाडले, तर ते गाडीने तासाभराचे अंतर; रात्रभराच्या झोप तपासणीसाठी नागपूर गाठायचे म्हटले, तर तीनशे किलोमीटर, सोबतीला एक माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी. एवढे करून हाती येते ती हजारो रुपयांच्या यंत्राची चिठ्ठी.

इथे सरकारी योजनेची चौकट आडवी येते. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती बांधलेली आहे. घरी नेऊन रोज रात्री नाकाला लावायचे यंत्र तिच्यात बसत नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्याला सीजीएचएस या केंद्रीय आरोग्य योजनेतून त्याचा खर्च मिळतो, शेतमजुराला नाही. हा फरक कोणत्या वैद्यकीय निकषावर टिकतो, ते आरोग्य खात्याने सांगावे. शिवाय यंत्र विजेवर चालते, आणि रात्री वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरचा खर्च वेगळाच.

निदानाची पहिली पायरी मात्र जवळजवळ फुकट आहे. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सेस चुंग यांनी २००८ मध्ये मांडलेली आठ प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. मोठ्याने घोरता का, दिवसा पेंग येते का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला का, रक्तदाब आहे का. उरलेले वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग. लागते काय, तर मोजपट्टी आणि काटा. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि मधुमेह तपासायला आशाताई घरोघर जातातच, त्याच कागदावर हे प्रश्न का नकोत? आणि उत्तर शक्यतो घरधनिणीला विचारावे. घोरणारा स्वतः कधीच कबूल करत नाही!

शेगावच्या सईबाई मोटे उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस अशी तपासणी ठेवणे अवघड नाही. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. घरी लावून देता येणारी लहान तपासणी यंत्रे त्याने तालुक्यांना फिरती दिली, तर नागपूरच्या कितीतरी फेऱ्या वाचतील. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. तिथल्या अपघातांनंतर चालकाच्या डुलकीची चर्चा होते, त्याची रात्रीची झोप कोणी तपासत नाही. सुरुवात एसटी आणि ट्रॅव्हल्सच्या चालकांपासून करावी.

तोवर वाट पाहणाऱ्यांनी काय करायचे? उताणे न झोपता कुशीवर झोपावे, उशाकडची बाजू उंच करावी. दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी घसा आणखी सैल करतात, दोन्ही बंद. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात वजन दहा टक्के घटले तेव्हा श्वास अडकण्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरलेले दिसले. कसलीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याबद्दल आधी सांगावे. पेंग येत असेल तर स्टीअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यावे. याने आजार जात नाही, धोका थोडा कमी होतो.

राहिला यंत्रांचा प्रश्न. कोविडच्या दुसऱ्या लाटेत सरकारी रुग्णालयांसाठी श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅप यंत्रांची मोठी खरेदी झाली, दानातूनही ती आली. त्यातली बरीच सीपॅपसारखी चालवता येतात. बुलढाणा जिल्ह्यात अशी किती आहेत, किती चालू आणि किती गोदामात, याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावी आणि चालू असलेली यंत्रे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तीव्र रुग्णांना उसनी द्यावीत.