दुसरा यहूदा, दुसरी खैरलांजी



पवित्र सप्ताहातल्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानातून तीस नाण्यांच्या सौद्याचा उतारा वाचला जातो. त्यानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणीतरी मूल हमखास विचारते, "येशूने क्रुसावर मरावे ही पित्याचीच इच्छा होती ना? मग यहूदाचं काय चुकलं? त्याने तर देवाचं कामच केलं." प्रश्न अगदी रास्त आहे. मोठी माणसे तो विचारत नाहीत, कारण त्यांच्यापाशी उत्तर तयार असते: देवाची मर्जी.

पवित्र शास्त्र मात्र इतक्या सहज सुटू देत नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू म्हणतो की मनुष्याचा पुत्र लिहिले आहे त्याप्रमाणे जात आहे, आणि त्याच श्वासात त्याला धरून देणाऱ्याबद्दल हाय हाय करतो. पन्नासाव्या दिवशी पेत्रही तेच करतो. येशू देवाच्या ठरलेल्या योजनेनुसार सोपवला गेला असे सांगून तो थांबत नाही, समोरच्या लोकांना म्हणतो, तुम्ही त्याला मारले. एका वाक्यात दोन्ही गोष्टी. योसेफाने भावांना क्षमा केली, पण तुमच्या मनात वाईटच होते हे त्यांच्या तोंडावर सांगून. त्या वाइटातून देवाने भले घडवले, म्हणून ते वाईट पुण्य होत नाही. देव पापातूनही वाट काढतो. पाप करण्याची आज्ञा तो कुणाला देत नाही. आमच्या मते सगळा गोंधळ या दोन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे होतो.

आता आमच्या गावाच्या नावाकडे येतो. आम्ही बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीचे, मध्य प्रदेशातले. नागपूरकडे कुणी गाव विचारले आणि नाव सांगितले की समोरचा क्षणभर गप्प होतो. मग आम्हाला सांगावे लागते, "ती नव्हे. ती भंडाऱ्याची, मोहाडी तालुक्यातली." योहानालाही असेच करावे लागले होते. भोजनाच्या वेळी दुसऱ्या एका यहूदाने प्रश्न विचारला, तेव्हा योहान लगेच खुलासा करतो की हा इस्कर्योत नव्हे. बिचारा संत यहूदा तदेय! नाव एक असल्याने त्याला इतका खुलासा जन्माचा चिकटला.

पण "ती नव्हे" म्हटल्याने विषय संपत नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी त्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना, आई, मुलगी आणि दोन मुलांना, जमावाने ठार मारले. कुटुंब दलित, बौद्ध. वाचले ते एकटे वडील, भैयालाल भोतमांगे. मारणारे परके नव्हते, गावचेच होते. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी सुनावली. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. भैयालाल 2017 साली गेले.

अशा घटनेनंतर दोष कुणाचा, याची दोन सोपी उत्तरे मिळतात. एक, सगळे गावच तसले. चर्चने हे उत्तर शतकानुशतके यहुदी लोकांबाबत दिले आणि त्याची फार मोठी किंमत त्या लोकांनी मोजली. अखेर 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितले की प्रभूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. दुसरे उत्तर त्याहून गोड: जमावाने केले, नशिबात होते, देवाची मर्जी. म्हणजे कुणीच केले नाही. पिलाताने पाणी मागवून हात धुतले ते हेच उत्तर. जमावाला हात नसतात; हात माणसांचे असतात, आणि प्रत्येक माणसाला नाव असते. आणि एक सांगतो: ज्याच्या घरात मरण आले त्याने "प्रभूची इच्छा" म्हणणे वेगळे, आणि ज्याने दार लावून घेतले त्याने ते म्हणणे वेगळे. पहिली प्रार्थना आहे. दुसऱ्याला काय म्हणावे, वाचकांनीच ठरवावे. आमच्या मंडळ्यांतही लग्न ठरवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, तेव्हा ती चौकशी कुणाच्या मर्जीने होते?

यहूदाकडे परत जाऊ, कारण त्याची गोष्ट चुंबनावर संपत नाही. त्याला पस्तावा झाला. त्याने नाणी परत नेली, निर्दोष रक्त धरून देऊन पाप केले असे कबूल केले. मुख्य याजकांनी त्याला काय सांगितले? त्याचे आम्हाला काय, तुझे तू पाहा. पाप कबूल करायला आलेला माणूस मंदिराच्या दारात उभा, आणि धर्माचे अधिकारी त्याला वाटेला लावतात. मग तेच याजक नाणी भांडारात टाकावी की नाही यावर नियम पाहतात आणि कुंभाराचे शेत विकत घेतात. आम्हाला हा भाग सौद्याहून भयंकर वाटतो. पेत्रानेही प्रभूला नाकारले होते, तीनदा. पण रडून झाल्यावर तो बाकीच्यांमध्ये परत आला, त्यांनीही त्याला आत घेतले. यहूदा एकटाच गेला.

म्हणून मुलांनी "यहूदा नरकात आहे का?" असे विचारले तर आम्ही हो म्हणत नाही. त्या हत्याकांडाला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, 18 ऑक्टोबर 2006 रोजी, पोप बेनेडिक्ट सोळावे आपल्या बुधवारच्या प्रवचनात यहूदावर बोलले. त्याच्या शेवटाचा न्याय आपण देवाच्या जागी बसून करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. विश्वासघाताला मात्र त्यांनी विश्वासघातच म्हटले. कृत्याला त्याचे नाव देणे आपले काम, माणसाचा शेवटचा निवाडा देवाचा.

29 सप्टेंबरला मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल या महादूतांचा सण असतो. त्या दिवशीच्या मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थनेत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची नावे घ्यावीत, आणि त्यांच्यावर हात उचलणाऱ्यांच्या पश्चात्तापासाठीही एक विनंती असावी, असे आम्ही आमच्या फादरांना सुचवणार आहोत. दुसऱ्या विनंतीला काही जणांचा विरोध होईल. त्यांच्याशी बोलायला आम्ही तयार आहोत.