एअर मार्शलांचा साहेब नेमके काय करतो?

अमेरिकेच्या फेडरल एअर मार्शल सेवेतला क्षेत्रीय कार्यालयाचा प्रमुख म्हणजे बिनकामाचा मानकरी, असे म्हणता येईल आणि वरवर पाहता ते पटेलही. कोणत्या विमानात कोण बसणार हे तो ठरवत नाही; ते वेळापत्रक व्हर्जिनियातल्या मध्यवर्ती केंद्रातून येते. नव्या मार्शलांना न्यू जर्सीत, अटलांटिक सिटीजवळच्या प्रशिक्षण केंद्रात तयार केले जाते. त्याची माणसे साध्या कपड्यांत, पिस्तूल झाकून, प्रवाशांमध्ये प्रवासी होऊन बसतात आणि तिथे ती कशी वागतात हे त्याला दिसण्याची सोय नाही. पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टरला हद्दीत फेरी मारता येते, पंचनामा तपासता येतो. इथे बहुतेक उड्डाणांत नोंद करावी असे काही घडतच नाही. मग रजेचे अर्ज आणि नेमबाजीच्या चाचण्यांचे तक्ते यांपलीकडे साहेबाला उरते काय? माझ्या मते बरेच उरते. ज्या सेवेचे काम दिसत नाही आणि मोजता येत नाही, तिची खरी अवस्था फक्त क्षेत्रीय कार्यालयात कळू शकते. आणि तीही तिथला प्रमुख हाताखालच्यांना खरे बोलू देत असेल तरच.

पण त्याआधी मोठा पूर्वपक्ष निकालात काढला पाहिजे. सेवाच निरुपयोगी असेल तर तिच्या कार्यालयप्रमुखाची चर्चा हवी कशाला? टेनेसीचे काँग्रेस सदस्य जॉन डंकन यांनी 2009 मध्ये सभागृहात हाच हल्ला चढवला होता. वर्षाला सरासरी 4.2 अटका आणि अंदाजपत्रक 86 कोटी डॉलरांचे, म्हणजे एका अटकेमागे सुमारे 20 कोटी डॉलर, असा त्यांचा हिशेब. भागाकार बरोबर आहे, भाजक चुकला आहे. अपहरण होऊ न देणे हे ज्याचे काम, त्याची किंमत अटकांच्या संख्येवर लावली तर शांतपणे पार पडलेले प्रत्येक उड्डाण अपयशाच्या खात्यात जमा होते. मात्र सेवेच्या समर्थकांनीही एवढ्यावर खूश होऊ नये. मार्शलांच्या धाकाने किती हल्ले टळतात, याची माहितीच वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे टीएसएकडे, नाही, असे अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 मध्ये स्पष्ट नोंदवले. शिवाय 2001 नंतर कॉकपिटचे दरवाजे भक्कम झाले, काही वैमानिकांना शस्त्रे मिळाली. धाक नेमका कोणाचा, हे वेगळे काढणे आणखी अवघड झाले. तेव्हा सेवेचा उपयोग आकड्यांनी सिद्ध होतो असा दावा मी करणार नाही. मला दिसते ते एवढेच की परिणाम मोजता येत नसेल, तर सज्जता तपासणे भाग आहे. माणूस जागा आहे का, निरोगी आहे का, सरावात आहे का? ही तपासणी व्हर्जिनियातल्या पडद्यावर होत नाही.

या सेवेची सज्जता गृहीत धरावी असा तिचा इतिहासही नाही. 1962 मध्ये मूठभर स्वयंसेवकांनिशी ती सुरू झाली, 1970 च्या अपहरणसत्रानंतर फुगली, 1973 मध्ये सर्व प्रवाशांची तपासणी सुरू झाल्यावर आक्रसली, 1985 मध्ये टीडब्ल्यूए 847 या विमानाचे अपहरण झाल्यावर पुन्हा उभी राहिली. 11 सप्टेंबर 2001 रोजी तिच्यात उणेपुरे 33 मार्शल होते. पुढे भराभर ते हजारोंच्या घरात गेले. दोनच वर्षांत ही सेवा टीएसएकडून सीमाशुल्क आणि स्थलांतर अंमलबजावणी खात्याकडे गेली, आणि 2005 मध्ये परत टीएसएकडे आली. संकट आले की भरती, संकट ओसरले की विसर, असा हा कारभार. लेखापरीक्षण कार्यालयाचे नंतरचे अहवाल या पार्श्वभूमीवर वाचावेत. प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या नोंदी वेळेवर भरणे ही कार्यालयप्रमुखाची जबाबदारी, पण तो ती पाळतो की नाही हे मुख्यालयात कोणी पाहायचे तेच धोरणात लिहिलेले नव्हते, असे 2016 चा अहवाल सांगतो. 2020 च्या अहवालानुसार कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे निकष ठरलेले होते, मात्र प्रत्यक्षातले तास त्या निकषांत बसतात का यावर देखरेख नव्हती. वैद्यकीयदृष्ट्या उड्डाणास पात्र असे एकूण किती मार्शल आहेत, याचीही एकत्रित माहिती ठेवली जात नव्हती. याचा अर्थ, वेळापत्रक वरून येते म्हणून प्रमुखाला काम नाही हे म्हणणे उलटे आहे. वेळापत्रक करणाऱ्याला माणसाची झोप दिसत नाही, म्हणूनच ती पाहणारा कोणीतरी जवळ हवा.

तो नसला की काय होते, याची साक्ष अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. जुलै 2003 मध्ये विमान अपहरणाच्या संभाव्य कटाचा इशारा मार्शलांना दिला गेला. काही दिवसांतच लास व्हेगासमधल्या मार्शलांना मोबाइलवर संदेश आला की ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत रात्रीच्या मुक्कामाच्या सर्व फेऱ्या रद्द. रॉबर्ट मॅक्लीन या मार्शलने वरिष्ठाला कारण विचारले. हॉटेलचा खर्च वाचवायचा आहे, असे उत्तर मिळाले. त्यांनी गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांच्या कार्यालयाला फोन केला. तिथे काही करता येण्याजोगे नाही असे सांगण्यात आले. मग ते पत्रकाराकडे गेले. बातमी आली, काँग्रेस सदस्य खवळले आणि चोवीस तासांत निर्णय फिरला. पुढे 2004 मध्ये मार्शलांच्या पोशाखाच्या नियमांवर टीका करण्यासाठी ते वेश बदलून दूरचित्रवाणीवर बोलले, सहकाऱ्यांनी आवाज ओळखला, चौकशीत 2003 चे प्रकरण उघड झाले आणि 2006 मध्ये त्यांना काढून टाकले. जानेवारी 2015 मध्ये न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला: माहिती उघड करायला बंदी होती ती खात्याच्या नियमाने, कायद्याने नव्हे. कायद्याचा हा मुद्दा महत्त्वाचा खराच. मला मात्र त्याआधीची पायरी जास्त बोलकी वाटते. ज्या हरकतीने निर्णय एका दिवसात बदलला, ती पहिल्यांदा एका वरिष्ठाच्या कानावरच गेली होती. त्याने ती उचलून धरली असती तर कदाचित पत्रकाराची गरजच पडली नसती.

यावर शिस्तवाद्यांचा आक्षेप ठरलेला आहे: हातात शस्त्र असलेली माणसे प्रश्न विचारू लागली तर हुकूम कोण पाळणार? आक्षेप पोकळ नाही. लष्करी शिस्तीत तो चालूनही जाईल, कारण तिथे हुकूम देणारा सहसा जवळपास असतो. एअर मार्शल वरिष्ठांपासून दूर असतो. डिसेंबर 2005 मध्ये मायामी विमानतळावर, आपल्याकडे बॉम्ब असल्याचे सांगितल्याचा आरोप असलेल्या एका प्रवाशावर दोन मार्शलांनी गोळ्या झाडल्या. बॉम्ब नव्हता, तो मनोरुग्ण असल्याचे पत्नीने सांगितले. सरकारी वकिलांनी 2006 मध्ये मार्शलांची कृती समर्थनीय ठरवली. त्या काही क्षणांत कोणताही साहेब हुकूम द्यायला तिथे नव्हता, असणे शक्यही नव्हते. अशा माणसाकडून अपेक्षा असते विवेकाची, आणि विवेक सरावाबरोबर मोकळ्या चर्चेतून घडतो: परवाच्या फेरीत काय चुकले, कुठे घाई झाली. चूक सांगितली की बढती अडते असे ज्या कार्यालयात वाटते, तिथे ही चर्चा होत नाही. 2012 मध्ये महानिरीक्षकांनी या सेवेतल्या पक्षपाताच्या आणि सूडाच्या तक्रारी तपासल्या. व्यापक पक्षपात सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला; पण क्षेत्रीय कार्यालयांत वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यात तणाव आणि अविश्वास असल्याचेही नोंदवले. पहिला निष्कर्ष खात्याला दिलासा देणारा असेल, पण दुसरा सज्जतेच्या मुळावर येणारा आहे. पोशाखाचे प्रकरणही याच जातीचे. कोट-टायच्या आग्रहाने आपण विमानात ओळखू येतो, ही तक्रार ज्यांच्या जिवाशी गाठ होती त्यांनीच केली होती, आणि नियम सैल व्हायला 2006 उजाडले.

गुप्ततेचा आक्षेप उरतो. मार्शलांची संख्या आणि त्यांची उड्डाणे गुप्त राहिली पाहिजेत, हे निर्विवाद. आपल्याकडेही कंदाहार विमान अपहरणानंतर विमानांत एनएसजीचे कमांडो बसू लागले, तेव्हा त्यांच्या फेऱ्या जाहीर कराव्यात असे कोणी म्हटले नाही. पण बाहेरच्यांपासून गुप्तता आणि साहेबापुढे मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, आत बोलायला जागा नसली की माणूस बाहेर बोलतो.

तेव्हा कार्यालयप्रमुख निवडताना नेमबाजीतले गुण किंवा मुख्यालयातली ऊठबस पाहणे पुरेसे नाही. त्याच्या कार्यालयातून थकव्याच्या, आजारपणाच्या आणि चुकांच्या किती नोंदी वर गेल्या, त्यांतल्या किती त्याने मुख्यालयाशी भांडून मार्गी लावल्या आणि नोंद करणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे पाहावे. ज्याच्याकडून वर्षभर एकही तक्रार वर गेली नाही, त्याला उत्तम प्रशासक म्हणून बढती देण्याआधी त्याच्या हाताखालच्या मार्शलांना, त्याच्या अनुपस्थितीत, एकदा विचारून घ्यावे.