वाडा पाहिला; मंडई राहिली!

शैक्षणिक सहलींचा हंगाम आला म्हणजे पुण्यास येणाऱ्या मुलांच्या रांगा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशीं लागतात. दरवाजा, बुरूज, कारंजें यांची माहिती ऐकून होते, सनावळी वहींत उतरते, छायाचित्रें निघतात, आणि मग "आतां तासभर बाजार!" अशी आज्ञा होते. म्हणजे वाडा हा धडा आणि बाजार ही मधली सुटी! ही समजूत आम्हांस अगदीं चुकीची वाटते.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांति झाली. १८२८ सालच्या आगींत आंतील इमारती जळाल्या. मुख्यतः उरलें तें दगडी जोतें, तट आणि दरवाजे. आंतील वैभव आज कल्पनेनेंच पाहावें लागतें. परंतु ज्या कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या बळावर हें शहर वाढलें, त्यांपैकीं कित्येकांचे उद्योग अद्याप चालू आहेत. कसबा पेठेंतील तांबट आळींत तांब्याचें भांडें कसें ठोकतात व मठारतात तें पाहावें. तुळशीबागेंत राममंदिराच्या सभोंवार दुकानें कशीं दाटलीं आहेत तें पाहावें. इतिहास तटाच्या आंत संपत नाहीं, हें तेथें निराळें शिकवावें लागत नाहीं.

मंडईचें उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे. पूर्वीं भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणांत भरे. १८८६ सालीं अष्टकोनी मनोऱ्याची दगडी मंडई उभी राहिली व मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला मिळालें. ह्या खर्चास नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें त्याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें! पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या ह्या पुरुषाची ही हकीकत मिशन शाळेच्या विद्यार्थ्यांनीं त्याच छपराखालीं उभें राहून ऐकावी. नगराचा पैसा आधीं कशावर खर्चावा, हा वाद आजही जिवंत आहे.

कोणी म्हणतील, बाजारांत गर्दी असते, मुलें हरवतात, खिसे कापले जातात. शंका रास्त आहे. त्यासाठीं लहान तुकड्या कराव्यात, सकाळीं लौकर जावें व प्रत्येक तुकडीबरोबर एक शिक्षक द्यावा. एखादें स्थळ कमी पाहिलें तरी चालेल.

आमच्या आग्रहाचें खरें कारण याहून खोल आहे. आमच्या वर्गांत भाजी विकणाऱ्यांचीं व भांडीं घडविणाऱ्यांचीं मुलेंही बसतात. पेशव्यांचा दरवाजा तेवढा पाहण्याजोगा आणि आईची टोपली मात्र नव्हे, असें जर सहल शिकवीत असेल, तर त्या मुलांस आम्हीं आपल्याच घराची लाज वाटावयास लावली, असें होईल. शाळेकडून असें पाप घडूं नये.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मूल सहलीहून परतल्यावर "काय विकत आणलेंस?" याऐवजीं "कोणाचें काम पाहिलेंस?" असें विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, जुन्या भिंतीवर आपलें नांव कोरणें व भाजीवालीशीं उर्मटपणें बोलणें, हे दोन्ही अपराध आम्ही सारखेच मानतों.