निकालानंतर तपास अधिकाऱ्याला कोण विचारणार?

फसलेल्या तपासाची चर्चा सुरू झाली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. तपास अधिकाऱ्याला चुकीबद्दल जबाबदार धरले तर खात्याचे मनोधैर्य खचेल, अवघड गुन्ह्याला कोणी हात लावणार नाही. असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही. दिवसभर बंदोबस्त करून रात्री पंचनामे लिहीत बसलेला हवालदार त्यांनी पाहिलेला असतो. म्हणून या युक्तिवादाला उत्तर द्यायचे, तर ते घडलेल्या प्रकरणावरूनच द्यायला हवे.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, अत्याचार झाले. एक आई आणि तिचा मुलगा वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झाले. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. त्या आईला घटनेनंतर लगेच पोलिसांच्या नोंदीतल्या गुन्हेगारांची छायाचित्रे दाखवली होती आणि तिने त्यांतून चार वेगळेच लोक ओळखले होते. त्या चौघांच्या मागे तपास गेलाच नाही.

इथे कोणाचे मनोधैर्य जपायचे? साक्षीदाराने दाखवलेली दिशा सोडून देणाऱ्याचे, की इमानेइतबारे तपास करणाऱ्याचे? पहिल्याला कोणी जाब विचारत नाही, हे दुसरा रोज पाहतो. त्याचे मनोधैर्य खचते ते यामुळे.

दुसरे म्हणणे असे, की सुटले ते संशयाचा फायदा मिळून सुटले, निर्दोष होते असे थोडेच आहे! क्षणभर हेही मान्य करू. मग तर खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा होऊ शकली नाही ती तपास कच्चा राहिल्यामुळे. आणि ते निर्दोष असतील, तर खरे गुन्हेगार आजही मोकळे आहेत. दोन्ही बाजूंनी प्रश्न तपास अधिकाऱ्याकडेच येतो. त्याला त्यातून वाट काढून देणारा तिसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

तिसरा बचाव म्हणजे तक्रारदारच खोटा निघाला, पोलीस काय करणार? पण तक्रार म्हणजे एका माणसाचे सांगणे. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठीच तर तपास असतो. आपला कायदा मात्र याच बचावाला साजेसा आहे. खोटी माहिती देणाऱ्याला आणि खोटा आरोप करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ आणि २४८ खाली शिक्षा आहे. विनाकारण अटक झालेल्या माणसाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ प्रमाणे भरपाई मिळते ती जास्तीत जास्त एक हजार रुपये, आणि तीही ज्याने अटक करवली त्याच्याकडून. नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले, हजार रुपये तसेच राहिले. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालये सुचवली होती. नव्या संहितेत त्यांना जागा मिळाली नाही.

नाशिकच्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अटक झाली होती. त्यांना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाख मंजूर केले. हे पैसे सरकारी तिजोरीतले, म्हणजे तुमचे-आमचे. भरपाई हवीच, पण ती देऊन चुकणाऱ्याचे उत्तरदायित्व फिटत नाही. नाशिकच्या निकालात न्यायालयाने दोषी अधिकारी शोधून, ते अजून सेवेत असतील तर, विभागीय कारवाई करा, असेही सांगितले. सोळा वर्षांनी ‘सेवेत असतील तर’ हीच मोठी पळवाट ठरते.

ही वाट बुजवायला नवा कायदा लागत नाही. ७ जानेवारी २०१४ रोजी किशनभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला पोलीस आणि अभियोग खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमायला सांगितले. निर्दोष सुटकेचा प्रत्येक निकाल या समितीने तपासायचा, चूक कोणाची ते ठरवायचे आणि दोषीवर विभागीय कारवाई व्हायची. त्याच निकालात प्रामाणिक चूक आणि दोषार्ह हलगर्जीपणा यांत फरक केला आहे. त्यामुळे घाईत सुटलेल्या सहीसाठी कोणाची नोकरी जाण्याची भीती नाही. पुरावा दडवणाऱ्याने मात्र भ्यायलाच हवे.

महाराष्ट्राच्या गृह विभागाने या समितीचे काम दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावे. वर्षभरात किती निकाल तपासले, त्यांतल्या किती ठिकाणी तपासात खोट आढळली, कोणत्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यावर कोणती कारवाई झाली आणि ती निवृत्तीपूर्वी पुरी झाली की नाही, हे त्या अहवालात यावे. आमदारांनी येत्या अधिवेशनातच त्याची मागणी करावी.