समेट आणि न्याय

सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला भारतातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १२४ (७) ने ती वाट बंद केली आहे. लवाद व मध्यस्थी यांची वाट मात्र खुली राहते. मुंबई दंगलींची चौकशी करणारे न्या. बी. एन. श्रीकृष्ण २००६ मध्ये निवृत्त झाल्यावर लवादाच्या कार्यात रमले. २०१७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संस्थात्मक लवादाला बळ देण्याची शिफारस केली. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याला तिचाच आधार होता.

लवाद निवाडा देतो, मध्यस्थ केवळ समेट घडवू पाहतो. दोन्ही कामे बंद दाराआड चालतात. व्यापारी तंट्यात हे सोयीचे. परंतु दुर्बलाला सबलापुढे बसवून ‘मिटवून टाका’ म्हणणे हा न्याय नव्हे. गावकीचे असे समेट आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ सोसले. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने फौजदारी खटले सर्वसाधारणतः मध्यस्थीच्या कक्षेबाहेर ठेवले, हे म्हणूनच स्वागतार्ह आहे.

माजी न्यायमूर्तींच्या अनुभवाचा लाभ समाजाने अवश्य घ्यावा. मात्र बंधुभगिनींनो, समेटावर सही करण्यापूर्वी आपला हक्क कोणता, हे प्रत्येकाने जाणून घ्यावे.